बोट लागणे

नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला संध्याकाळी साडेपाचनंतर कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळातली गर्दी एकदम गप्प होते. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, दगडी फरशीवरून सरकत गाभाऱ्याचा उंबरा ओलांडतं आणि पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी त्याहून वर, तिसऱ्या दिवशी मुखावर पडतं. निदान पडावं अशी अपेक्षा असते. एखादा ढग, हवेतली धूळ, वाटेत वाढलेली एखादी इमारत, यांतल्या कशानेही ते हुकतं. मग किरणं यंदा कुठपर्यंत पोचली याची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येते. हाच किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला पुन्हा होतो. २१ डिसेंबरच्या आधी साधारण चाळीस दिवस आणि नंतर साधारण चाळीस दिवस सूर्य क्षितिजावर त्याच एका जागी मावळतो. दक्षिणेकडे जाताना एकदा दर्शन, परतताना एकदा.

त्याच १० नोव्हेंबरला नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळच्या हामरफेस्ट गावात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दोन अंश वर असतो. उगवला, डोंगराआडून जरा डोकावला, गेला. पुढच्या दहा-बारा दिवसांत तो उगवायचाच थांबतो आणि जानेवारी संपत आला की परततो. कोल्हापूरकराला सूर्याचं हे दक्षिणेकडे घसरणं देवळाच्या फरशीवर दिसतं, हामरफेस्टच्या माणसाला ते घरातल्या विजेच्या बिलात दिसत असावं.

दिवाळीचा फराळ संपता संपता नॉर्वेच्या किनाऱ्यावर बोटीने फिरायला जाणारी मराठी माणसं आता नवलाची राहिलेली नाहीत. पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींत हिरव्या प्रकाशाच्या पडद्याखाली उभी असलेली जोडपी दिसतात. बॅगेत लोकरीचे तीन थर, चिवड्याचा डबा आणि कोल्हापूरकर असेल तर कांदा-लसूण मसाल्याची पुडी. बर्गेन बंदरातून बोट संध्याकाळी सुटते आणि रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला जाऊन परत येते. जाऊन-येऊन बारा दिवस, वाटेत ३४ बंदरं. रात्री आकाशात तो हिरवा प्रकाश, अरोरा, दिसला की बोटीवरच्या कर्ण्यातून पुकारा होतो आणि माणसं चादरी फेकून डेकवर धावतात. काही फेऱ्यांवर अरोरा दिसलाच नाही तर पुढची फेरी फुकट, अशी हमीही मिळते. देव दिसला नाही तर नारळ परत, असा हा व्यवहार.

पण या बोटीचं खरं स्वरूप कळतं ते मध्यरात्री. इंजिनाचा सूर बदलतो, झोप चाळवते, खिडकीतून पाहावं तर बाहेर पिवळ्या दिव्यांत एक छोटासा धक्का. बोटीच्या कुशीतलं दार उघडलेलं, एक फोर्कलिफ्ट खोकी आत-बाहेर नेतेय. एक बाई हातात पिशवी घेऊन उतरते, धक्क्यावर उभ्या असलेल्या गाडीत बसते आणि जाते. ती पर्यटक नाही, बाजारहाट करून किंवा दवाखाना उरकून घरी निघाली आहे. पंधरा-वीस मिनिटांत दोर सुटतात. ज्या बोटीचं तिकीट काढायला आपण काही लाख मोजले, ती तिथल्या लोकांची येष्टी आहे.

ही येष्टी सुरू झाली २ जुलै १८९३ रोजी. स्टॉकमार्कनेस गावचा रिचर्ड विथ नावाचा कप्तान ‘वेस्टेरोलेन’ ही आगबोट घेऊन ट्रॉनहाइमहून निघाला आणि ६७ तासांत हामरफेस्टला पोचला. त्याआधी या किनाऱ्यावर हिवाळ्यात पत्र पोचायला महिने लागत. हजारो बेटं आणि बुडालेले खडक, नकाशे अपुरे, ट्रॉनहाइमच्या उत्तरेला दीपगृहं जेमतेम २८. अंधारात बोट हाकायला कुणी तयार नव्हतं. विथ आणि त्याचा वाटाड्या आंदर्स होल्टे यांनी मात्र वर्षानुवर्षं वही राखली होती. अमुक खडकापासून अमुक दिशेला, अमुक वेगाने, इतकी मिनिटं, मग वळायचं. होकायंत्र, घड्याळ आणि ती वही यांच्या भरवशावर त्यांनी रात्रीचा प्रवास नियमित करून दाखवला. सरकारने टपाल नेण्याचं कंत्राट दिलं, पैसे दिले, आणि ‘हुर्टिग्रूटन’, म्हणजे जलद मार्ग, हे त्या सेवेचं नाव पडलं. आज दोन कंपन्या मिळून ११ बोटी चालवतात आणि सरकारी कंत्राट अजूनही आहे. बंद पडण्याची वेळ अनेकदा आली. मोटाररस्ते झाले, विमानतळ झाले. तरी त्या देशाने ठरवलं की मेहाम्न, हावॉयसुंद, बर्लेवोग अशा, आपल्याकडे वाडी म्हणावी एवढ्याशा गावांना बोट लागलीच पाहिजे.

‘बोट लागणे’ या शब्दाशी इथे थोडं थांबायला हवं. मराठीत बोट दोन प्रकारे लागते. धक्क्याला लागते आणि माणसाला लागते. पोटात ढवळून येणं, डोकं गरगरणं, कठड्यावर ओणवं होणं, या सगळ्याला गाडी लागण्याच्या धर्तीवर आपण ‘बोट लागली’ म्हणतो. समजा, कोल्हापुरातल्या एखाद्या घरात मालवणकडचं माहेर असलेली आजी आहे आणि नातू नॉर्वेतून व्हिडिओ कॉल करतोय. ती पहिला प्रश्न हाच विचारील, “बोट लागली नाही ना रे?” आणि नातू म्हणेल, “लागते की आजी, दिवसातून चार-पाच वेळा.” दोघंही खरं बोलत असतील.

कारण त्या आजीच्या तरुणपणी कोकण किनाऱ्यावर हीच गोष्ट होती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीला जायची. लोक तिला नुसतं ‘बोट’ म्हणायचे, दुसरी कुठली बोट असण्याचा संभव नसल्यासारखं. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी होत्या. त्यांच्याशी टक्कर द्यायला देशी भागभांडवलावर निघालेल्या कंपनीला लोकांनी ‘माझी आगबोट कंपनी’ असं लाडकं नाव दिलं होतं. बोटींची नावं ‘तुकाराम’, ‘रामदास’, ‘रोहिदास’, ‘चंपावती’. साठच्या दशकात चौगुले कंपनीच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ आल्या. मे महिना संपत आला की सेवा बंद. पावसाळा सरून समुद्र निवळला की पहिली बोट. आपल्याकडचा शरद म्हणजे बोटीच्या हंगामाचा आरंभ.

ती बोट बहुतेक बंदरांत धक्क्याला लागतच नसे. लांब समुद्रात नांगर टाकून भोंगा द्यायची. किनाऱ्यावरून पडाव निघायचे. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या, तान्ही मुलं, म्हातारी माणसं, सगळं त्या पडावात. पडाव लाटेवर वर गेला की बोटीवरचा खलाशी एका क्षणात माणसाचा दंड धरून वर ओढायचा. तो क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट. उतरताना हेच उलटं, आणि पुष्कळदा रात्री, कंदिलाच्या उजेडात. डेकवर जागा मिळेल तिथे वळकटी पसरायची, शेजारच्याशी गाव विचारून नातं जोडायचं, लिंबू हुंगत पडायचं. म्हणून कोकणी माणसाच्या तोंडी बोट लागणं म्हणजे पोट ढवळणंच राहिलं. धक्क्याला लागणारी बोट त्याने फारशी पाहिलीच नव्हती.

या प्रवासावर सोनेरी मुलामा चढवणं सोपं आहे आणि ते खोटं ठरेल. १९२७ च्या नोव्हेंबरात वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला, ऐन गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आलं होतं, त्यामुळे त्या दुःखाच्या वाट्याला इतिहासात जेमतेम दोन ओळी आल्या.

नॉर्वेची बोट लागते आणि आपली का लागत नव्हती, याचं एक उत्तर भूगोलात आहे. फ्योर्ड आणि खाडी दुरून सारख्या दिसतात. दोन्हींत समुद्र डोंगरांमधून आत घुसलेला, दोन्हींच्या टोकाला एखादं जुनं गाव. पण फ्योर्ड हिमनदीने कोरलेला असतो. लाखो वर्षं बर्फाचा प्रचंड लोंढा खडक खरवडत समुद्राकडे सरकला आणि त्याने दऱ्या समुद्रसपाटीच्या कितीतरी खाली खणल्या. सोग्नफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आणि १३०० मीटर खोल आहे. अशा पाण्यात मोठी बोट थेट गावाच्या उंबऱ्याशी येऊ शकते. कोकणच्या खाड्या म्हणजे बुडालेली नदीमुखं. सह्याद्रीवरून उडी मारून साठ-सत्तर किलोमीटरांत समुद्र गाठणाऱ्या नद्या पावसाळ्यात माती आणतात, मुखाशी वाळूचे दांडे घालतात, खाडी उथळ होत जाते. राजापूर त्याचा दाखला. एके काळी तिथे इंग्रजांची वखार होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा याच वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन घाट चढून पन्हाळ्याखाली आला होता. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरच्या वखारीकडून त्याचा हिशेब वसूल केला. पुढे त्या खाडीत इतका गाळ भरला की आगबोट मुसाकाजीला, खाडीच्या तोंडाशी, थांबू लागली.

गंमत अशी की खाडी आणि फ्योर्ड यांना आजचं रूप एकाच पाण्याने दिलं आहे. वीसेक हजार वर्षांपूर्वी उत्तरेत बर्फाचे डोंगर होते, तेव्हा जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. ते बर्फ वितळलं, समुद्र चढला. तिकडे हिमनद्यांनी रिकाम्या केलेल्या दऱ्या भरल्या आणि इकडे वाघोटन, शास्त्री, वाशिष्ठी यांची मुखं बुडाली. विजयदुर्गाखाली आज जी खाडी आहे, तिच्यात उत्तरेच्या वितळलेल्या हिमनद्यांचाही वाटा आहे.

नॉर्वेच्या बोटीवर चढताना मराठी माणसाच्या बॅगेत एक पुस्तक असावं असं वाटतं, ते लोकमान्यांचं ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’. टिळक रत्नागिरीचे, म्हणजे कोकणच्या बोटीच्या वाटेवरचे. कोल्हापूरशी त्यांचं नातं तुरुंगाचं: इथल्या दिवाणांवर ‘केसरी’ आणि ‘मराठा’तून केलेल्या टीकेपायी १८८२ साली आगरकरांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. विथची बोट निघाली त्याच १८९३ साली टिळकांचं ‘ओरायन’ प्रसिद्ध झालं. पुढे राजद्रोहाच्या शिक्षेत, तुरुंगात ऋग्वेद वाचताना त्यांना उषेच्या सूक्तांनी अडवलं. आपल्याकडे पहाट अर्ध्या-पाऊण तासात उरकते. मग या ऋषींनी तिला इतकं का आळवलं? ती लांबली म्हणून त्यांना चिंता का वाटली? तैत्तिरीय संहितेत तीस उषा का येतात? एकामागून एक कित्येक दिवस चालणारी पहाट फक्त ध्रुवाजवळ होते, सबब वेदकर्त्यांचे पूर्वज तिथले, असा त्यांचा १९०३ च्या पुस्तकातला निष्कर्ष. आजचे अभ्यासक तो मान्य करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. पण टिळक स्वतः कधी तिकडे गेले नव्हते. पुण्यात बसून, ज्योतिषाच्या गणितावर, त्यांनी जी लांबलेली पहाट उभी केली तिची सावली नोव्हेंबरअखेर या बोटीच्या डेकवर दिसते.

२७ नोव्हेंबरच्या सुमारास ट्रॉम्सोत ध्रुवीय रात्र सुरू होते. रात्र म्हटलं की मिट्ट काळोख डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात सकाळी नऊच्या पुढे दक्षिणेकडचं आकाश उजळू लागतं. आधी राखाडी, मग जांभळट, मग बर्फावर गुलाबी. माणूस सवयीने वाट पाहतो की आता सूर्य येईल. बारा वाजतात. रंग तसाच राहतो आणि मग ज्या क्रमाने आला त्याच्या उलट क्रमाने निघून जातो. पहाट झाली ती थेट संध्याकाळ होऊन गेली, मधला दिवस कुणीतरी काढून घेतला. किरणोत्सवाला सूर्य पायाकडून मुखाकडे चढताना पाहिलेल्या माणसाला हे दृश्य फार लागतं. तिसऱ्या दिवशी मुखावर किरण न पडता गर्दी घरी जावी, तसं.

लोफोटेन बेटांवर लाकडी चौकटींचे लांबच लांब मांडव दिसतात. हिवाळ्याच्या शेवटी त्यांवर कॉड मासा वाळत घालतात. आपल्या कोळीवाड्यांत वलांडीवर बोंबील असतात तसा, फक्त इथे ऊन नाही, थंड वारा आहे. शरदाच्या अखेरीला हे मांडव रिकामे असतात. कोल्हापूरकर त्यांचेही फोटो काढतो. उसाच्या गाड्यांचा आणि गुऱ्हाळांचा हंगाम मागे सोडून आलेला असतो तो. दुसऱ्यांचा हंगाम सुरू व्हायचाय हे त्याला न सांगता कळतं.

कोल्हापूरला समुद्र नाही, असं आपण सहज म्हणतो. होता. सिंधुदुर्ग आणि मालवण कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याचं ‘फोर्ट ऑगस्टस’ असं बारसंही केलं आणि तडजोडीनंतर परत दिला. १८१२ च्या तहात मालवण बंदर आणि किल्ला कायमचे गेले. तेव्हापासून करवीर राज्य घाटावर बसून राहिलं आणि त्याची पंचगंगा तर पहिल्यापासूनच पूर्वेकडे, दुसऱ्याच समुद्राकडे वाहणारी. पण माणसं घाट उतरत-चढत राहिली. आंबा, फोंडा, भुईबावडा, अणस्कुरा. कोकणातली किती घरं घाट चढून इथे आली आणि गणपतीला, शिमग्याला परत उतरत राहिली, हे कोल्हापूरच्या कुठल्याही गल्लीतल्या आडनावांच्या पाट्या वाचल्या तरी कळेल.

भूगोलाला सगळा दोष देऊन मोकळं व्हावं, तर बर्लेवोग आडवं येतं. हजाराच्या आत-बाहेर वस्तीचं हे गाव उघड्या आर्क्टिक समुद्राच्या तोंडाशी आहे. तिथे १९७० च्या दशकापर्यंत हुर्टिग्रूटन धक्क्याला लागत नव्हती. बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं, टपाल, सामान छोट्या होडीतून न्यायचे. पडावच की तो! लाटांनी बांध फोडले, लोकांनी पुन्हा बांधले, शेवटी काँक्रीटचे अजस्र चौपायी टेट्रापॉड टाकले, मरीन ड्राइव्हवर दिसतात तसेच, आणि मग बोट लागली. हजार माणसांसाठी एवढा खटाटोप. त्याच दशकात आणि त्याच्या पुढच्या दशकात आपली बोट आचके देत बंद पडली. रस्ते सुधारले, येष्टी गावागावांत गेली, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पुऱ्या मार्गावर धावू लागली. रेल्वे हवीच होती, त्याबद्दल कुणाचं दुमत नसावं. पण रेल्वे आली म्हणून बोट गेली हे उत्तर पुरं नाही. बोट त्याआधीच गेली होती, आणि ती परत आणण्याची गरज कुणाला वाटली नाही. २० ऑक्टोबर २०१८ ला मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली. संध्याकाळी निघून सकाळी पोचणारी, खोल्या, उपाहारगृह, पोहण्याचा हौद असलेली. हौसेची बोट होती ती. भाजीची पिशवी घेऊन मध्यरात्री उतरणारी बाई तिच्या हिशेबात नव्हती. फार वर्षं ती चालली नाही. पर्यटक एखाद्या हंगामात येतो, एखाद्यात येत नाही; दवाखान्यातून परतणारी बाई बारा महिने येते. हुर्टिग्रूटन टिकली ती या बाईमुळे, आणि गोष्ट अशी की पर्यटकही तिच्यासाठीच येतो, फक्त त्याला ते घरून निघताना माहीत नसतं.

स्टॉकमार्कनेसमध्ये, विथच्या गावी, या बोटींचं संग्रहालय आहे. १९५६ साली बांधलेली ‘फिनमार्केन’ ही अख्खी बोट त्यांनी किनाऱ्यावर चढवून ठेवली आणि ती गंजू लागली तेव्हा तिच्याभोवती काचेची इमारत उभारली. आत गेलं की जेवणघर, झोपायच्या फळ्या, टपालाची खोली, सगळं जागच्या जागी. उत्तरेकडून परतणारी बोट तिथे थांबते तेव्हा प्रवासी उतरून ते पाहून येतात.

‘चंपावती’ किंवा ‘कोकण सेवक’ अशी कुठे काचेत ठेवलेली नाही. त्यांचा डेक, ते पडाव, तो भोंगा आता माणसांच्या डोक्यातच आहे, आणि ती माणसं सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर नॉर्वेचे फोटो दाखवून झाल्यावर एवढं विचारा: कुठल्या बंदरावर उतरत होता, पडावाला काय द्यावं लागायचं, वर ओढून घेताना हात कुणी धरला होता. आणि जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, बंदराच्या नावासकट.